स्क्रीन फ्लिकर मारतीय म्हणून लगेच पॅनल बदलू नका, आधी या चुका टाळा

सांगली-मिरजेत काय न् साताऱ्यात काय, लॅपटॉपची स्क्रीन फडफडायला लागली की घरात एकच निदान होतं, "डिस्प्ले गेला". मग माणूस घाबरतो आणि हजारो रुपये घालायला तयार होतो. थांबा जरा. पॅनल (चित्र दाखवणारी काच) गेलंय, त्याची केबल गेलीय का नुसता ड्रायव्हर (डिस्प्ले चालवणारं सॉफ्टवेअर) बिघडलाय हे बरंचसं घरबसल्या फुकटात कळतं, आणि ते न बघता पैसे घालणं हीच सगळ्यात मोठी चूक.

दुसरी चूक म्हणजे लगेच फॉरमॅट मारून विंडोज नव्यानं टाकून घेणं. त्याआधी लॅपटॉप चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर जा (बऱ्याच मशीनला एफ२ बटण, एचपीला एफ१०) आणि थोडा वेळ तसाच ठेवा. तिथं विंडोज सुरूच झालेलं नसतं, त्यामुळं तिथंही फडफडत असेल तर दोष हार्डवेअरचा, फॉरमॅट मारून डेटा तेवढा जाईल. डेलचा असेल तर बंद लॅपटॉपवर डी दाबून धरून पॉवर बटण दाबा, स्क्रीन स्वतःची टेस्ट घेते.

बायोसमध्ये नीट आणि विंडोजमध्येच नाचतीय? मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. तोही फडफडला तर बहुतेक डिस्प्ले ड्रायव्हर, तो एकटा स्थिर राहिला तर एखादं ॲप. ड्रायव्हर असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून रोल बॅक करा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणा, नाहीतर कंपनीच्या साईटवर मॉडेल नंबर टाकून तिथलाच घ्या, ते फुकटचे ड्रायव्हर अपडेटर अजिबात नकोत. रिफ्रेश रेट (स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते) १४४ असेल तर ६० हर्ट्झ करूनही बघा.

आता केबल. कराडहून, तासगावहून रोज एसटीनं सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला येणारी पोरं बघा, गर्दीत बॅग दाबली जाते आणि वर्गात झाकण एका कोपऱ्याला धरून उचलायचं, सगळा ताण बिजागरीवर. डिस्प्लेची बारीक केबल त्या बिजागरीजवळूनच वर जाते. झाकण सावकाश मागंपुढं करा, ठरावीक कोनातच फडफडलं तर केबलवर संशय घ्या, आणि ती पॅनलपेक्षा पुष्कळ स्वस्तात होते. एचडीएमआयनं टीव्हीला जोडून बघा, टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल तर लॅपटॉपची ग्राफिक्स चिप बहुधा ठीक आहे, घोळ केबलमध्ये नाहीतर पॅनलमध्ये.

चार्जर लावल्यावरच होत असेल तर स्क्रीनला हात लावू नका, दुसरा सॉकेट, चांगलं अर्थिंग, कंपनीचा चार्जर एवढं बघा. मात्र टचपॅड किंवा खालचं कव्हर फुगल्यासारखं वाटलं तर बॅटरी फुगलीय असं समजून लॅपटॉप बंद करा, चार्जिंग काढा, दाबून बसवायला जाऊ नका.

दुकानात गेलात तर आधी केबल काढून परत बसवून बघायला सांगा, आणि पॅनल बदललंच तर जुनं मागून घ्या.