लायबिलिटीचा पेपर: आधी आकडेमोड, मग कलमं

विम्याच्या असोसिएटशिप परीक्षेत दायित्व विम्याच्या, म्हणजे लायबिलिटीच्या, पेपरला पहिल्यांदा मी कलमं घोकून बसले आणि सपशेल आपटले. दुसऱ्या वेळी क्लेम्सच्या (विमा दाव्यांच्या) टेबलावरचं रोजचं गणित वहीत उतरवायला घेतलं.

सुरुवात कामगार भरपाईपासून करा. तीस वर्षांचा फिटर, महिन्याचा पगार 12,000 रुपये, कामावर मृत्यू. पगाराचे 50 टक्के, म्हणजे 6,000, गुणिले कायद्याच्या तक्त्यात त्या वयासमोर दिलेला गुणक, 207.98. भरपाई 12,47,880 रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 50 च्या जागी 60 टक्के. वेगवेगळी वयं घेऊन अशी दहा उदाहरणं हाताने सोडवा. कॅल्क्युलेटर चालेल, पण पायऱ्या लिहा.

मग प्रश्न विचारा: अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला का? इथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. माणूस दारू प्यायलेला होता म्हणून मालक सुटतो असं बरेच जण लिहितात. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर ती सबब चालत नाही. परीक्षक इथेच पकडतात!

जुन्या नोट्स जपून वापरा. 1923 चा कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय. घरून कामावर जाताना झालेला अपघातही, वेळ-जागेचा कामाशी संबंध दिसला तर, तिथे धरला जातो. लोकलने येणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

सार्वजनिक दायित्वाचा 1991 चा कायदा मात्र भोपाळपासून वाचत या. 1984 ची वायुगळती, दिल्लीतली 1985 ची ओलियम गळती, मग सर्वोच्च न्यायालयाचं निरपवाद दायित्व, म्हणजे कुठलीही सबब न चालणारी जबाबदारी. क्रम कळला की पाठांतर उरतच नाही.