व्हिएतनाममध्ये भाड्याची बाईक घेताय? मग या चुका टाळा

पहिली चूक आपण व्हिएतनामला पोचायच्या आधीच करतो, इथे आरटीओत. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटचा फॉर्म भरतो, हजार रुपये भरतो, ते पुस्तक हातात आलं की वाटतं झालं, आता कुठेही गाडी चालवायला मोकळे. पण पुस्तकावर कुठल्या कराराचं साल छापलंय ते कोणी बघतच नाही. आपलं परमिट १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचं असतं आणि वर्षभर चालतं. २०२२ मध्ये सरकारने देशभर एकच नमुना ठरवला, तोही १९४९ चाच. व्हिएतनाम मात्र १९६८ च्या व्हिएन्ना करारातलं परमिट मानतो. मग लोक म्हणतात अहो भारत पण १९६८ च्या करारात आहे की, हो आहे, पण तुमच्या हातातलं पुस्तक त्या कराराचं नाही आणि रस्त्यावरचा पोलीस पुस्तक बघतो, करार कोणी केला ते बघत नाही.

हे मी ठासून सांगतोय कारण आमच्या ग्रुपमध्ये हे घडलंय. उत्तरेला हा-जियांग शहरातून बाहेर पडताना चेकपोस्ट लागला, मित्राने मोठ्या विश्वासाने परमिट पुढे केलं. पोलिसाने आतली पानं उलटलीसुद्धा नाहीत, कव्हर बघितलं, १९४९ वर बोट ठेवलं, मान हलवली आणि गाडी बाजूला घ्यायला लावली. दंड भरावा लागला, गाडी तिथेच ठेवून घेतली आणि पुढचे चार दिवस मित्र दुसऱ्याच्या मागे बसून फिरला. गाडी देणाऱ्या दुकानदाराने आदल्या संध्याकाळी तेच पुस्तक बघून नो प्रॉब्लेम म्हटलं होतं. दुकानदार सगळ्यांनाच नो प्रॉब्लेम म्हणतो हो, प्रॉब्लेम आला तर तो तुमचा असतो, जप्त गाडीचं भाडंही तुम्हीच भरणार.

१ जानेवारी २०२५ पासून तिथे दंड खूप वाढलेत. परवाना नसताना १२५ सीसीपर्यंतची गाडी चालवली तर २० ते ४० लाख डोंग, त्यापेक्षा मोठी असेल तर ६० ते ८० लाख. लाख ऐकून घाबरू नका, ढोबळ हिशोब असा की शेवटचे तीन शून्य काढायचे आणि उरलेल्याला साडेतीनने गुणायचं, म्हणजे २० लाख डोंग साधारण सात हजार रुपये. पण मला दंडाची एवढी काळजी नाही. काळजी आहे ती इन्शुरन्सची. परवाना वैध नसेल तर ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले अपघाताचा क्लेम नाकारू शकतात, बहुतेक पॉलिसींमध्ये ही अट लिहिलेलीच असते. परदेशात पाय मोडला, ऑपरेशन लागलं, तर ते बिल कोण भरणार हे निघायच्या आधी घरच्यांसमोर बसून एकदा बोला.

मग करायचं काय? मार्ग आहेत. ५० सीसीच्या आतली गाडी किंवा ४ किलोवॅटपर्यंतची इलेक्ट्रिक स्कूटर चालवायला तिथे परवाना लागत नाही, वय १६ पूर्ण हवं. होई आनसारख्या सपाट गावात, समुद्रकिनाऱ्यापर्यंत भाताच्या शेतांमधून जायला ती मस्त पुरते. डोंगरात जायचं असेल तर ईझी रायडर घ्या, म्हणजे गाडी त्यांची, चालवणारा त्यांचा, तुम्ही मागे बसून दरी बघायची. आपल्याकडच्या रायडर मंडळींना हे कमीपणाचं वाटतं, लडाख केलंय आम्ही, मागे काय बसायचं, पण मी मागे बसून मा पी लेंगचा घाट बघितलाय आणि खाली न्यो क्वे नदीची हिरवी रेघ जितकी डोळे भरून बघता आली तितकी हँडल धरून कधीच बघता आली नसती. आणि जे मराठी लोक इंग्लंडला किंवा जर्मनीत राहतात आणि तिथलं मोटरसायकलचं लायसन्स आहे, त्यांनी तिथून १९६८ चं परमिट काढून आणावं, ते चालतं, फक्त परमिटवर मोटरसायकलचा शिक्का असायला हवा, नुसत्या कारचा नको. मूळ लायसन्सही सोबत ठेवा. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियावाल्यांची मात्र आपल्यासारखीच गत आहे, तिथेही १९४९ चंच मिळतं.

आता तुमचं कागदपत्राचं जमलंय असं धरून पुढचं सांगतो.

पासपोर्ट देऊन बसणे

दुकानदार डिपॉझिट म्हणून पासपोर्ट मागतो. देऊ नका. एकदा पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये गेला की गाडी परत देताना कुठल्या ओरखड्याचे किती पैसे हे तोच ठरवणार. शिवाय पुढच्या हॉटेलात चेक-इनला पासपोर्ट लागतोच. कॅश डिपॉझिट द्या, पासपोर्टची झेरॉक्स द्या, आणि पावतीवर डिपॉझिटची रक्कम लिहून घ्या. ऐकत नसेल तर दुसरं दुकान बघा, त्याच गल्लीत पाच असतात.

गाडी न बघता चावी घेणे

मला स्वतःला याचा फटका बसलाय. संध्याकाळी अंधारात गाडी घेतली, परत देताना उजव्या बाजूच्या प्लॅस्टिकवर एक जुना चरा होता तो माझ्या नावावर लागला, माझ्याकडे फोटो नव्हता, भरले पैसे. तेव्हापासून उजेडात गाडी घ्यायची आणि चावी खिशात टाकायच्या आधी व्हिडिओ काढायचा, गाडीभोवती सावकाश एक पूर्ण चक्कर, मग आरसे, इंडिकेटर, मीटरचं रीडिंग, पेट्रोलचा काटा, शेवटी दुकानदार पण फ्रेममध्ये आला पाहिजे. टायरवर नखाने दाबून बघा नक्षी किती उरलीय, दोन्ही ब्रेक लावून गाडी ढकलून बघा, हॉर्न वाजवा. हॉर्न नसलेली गाडी तिथे चालवणं म्हणजे डोळे बांधून चालवणं. आणि गाडीचं रजिस्ट्रेशनचं कार्ड मागा, तिकडे त्याला का वेट म्हणतात, फ्रेंचांच्या काळातला शब्द आहे. ते आणि सक्तीच्या विम्याचा कागद गाडीसोबत हवाच, पोलीस हेच आधी मागतात.

हेल्मेट पण तिथलं तपासा. हेल्मेटसक्ती तिथे १५ डिसेंबर २००७ पासून आहे, प्रत्येकाच्या डोक्यावर काहीतरी असतं, पण भाड्याच्या दुकानात मिळतं ते बऱ्याचदा टोपीसारखं पातळ, आतून थर्माकोल दिसणारं. लांब जायचं असेल तर इथूनच आपलं चांगलं घेऊन जा, हातात धरून विमानात नेता येतं.

डाव्या हाताची सवय

व्हिएतनाममध्ये वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. हे माहीत सगळ्यांना असतं, आणि शहरात चूक होतही नाही कारण गर्दीच तुम्हाला ओढून नेते. चूक होते ती पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर, चहा पिऊन पुन्हा गाडीवर बसलात, आजूबाजूला कोणी नाही, आणि हात आपोआप गाडी डावीकडे घेतो. समोरच्या वळणावरून ट्रक येईपर्यंत कळतच नाही. मी एक युक्ती केली होती, डाव्या आरशावर लाल रिबन बांधली होती, ती दिसली की मनात म्हणायचो रस्त्याचा मधला भाग या बाजूला. थांबून निघताना दर वेळी म्हणायचो, तिसऱ्या दिवशी पण म्हणायचो. रस्ता ओलांडतानाही आधी डावीकडे बघायचं, आपली मान सवयीने उजवीकडे वळते.

लाल सिग्नलला उजवीकडे वळायला मोकळीक असेल असं समजू नका, तशी पाटी किंवा हिरवा बाण असेल तरच वळायचं. सिग्नल तोडला किंवा फुटपाथवर गाडी चढवली तर नव्या दराने ४० ते ६० लाख डोंग जातात. दारूचं तर एक थेंबही चालत नाही, तिथे मर्यादा शून्य आहे, दुपारी जेवताना घेतलेली एक बिअरसुद्धा मशीनवर येते.

घाटात गिअर

माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथे पडतात, म्हणून जरा सविस्तर. भाड्याने बहुतेक दोन प्रकार मिळतात, एक आपल्या ॲक्टिवासारखी ऑटोमॅटिक आणि दुसरी होंडा वेव्ह टाइपची, जिला गिअर आहेत पण क्लच नाही. ज्यांनी आपल्याकडची जुनी हिरो होंडा स्ट्रीट चालवलीय त्यांना ती लगेच कळेल. पायाच्या पुढच्या भागाने दाबलं की वरचा गिअर, टाचेने दाबलं की खालचा. लोक घाबरून ऑटोमॅटिक घेतात आणि तीच घेऊन घाटात जातात. उतारावर ऑटोमॅटिकला इंजिनचा आधार फार कमी मिळतो, मग माणूस अर्धा तास ब्रेक दाबून बसतो, ब्रेक तापतात, आधी जळका वास येतो, मग लिव्हर हातात मऊ लागायला लागतो, आणि मग ब्रेक लागतच नाही. वास आला त्याच क्षणी बाजूला घ्या, अर्धा तास बसा, तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

डोंगरात वेव्हच घ्या. नियम साधा, ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, दुसरा किंवा तिसरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणारे आपल्याकडे वरंध्याला, आंबेनळीला पण दिसतात, कृपा करून तिथे हे करू नका. हा-जियांगचा लूप साधारण साडेतीनशे किलोमीटरचा, क्वान बा, येन मिन्ह, दोंग वान, मेओ वाक, दु जिया असं करत परत येतो, आणि तो दोन दिवसांत उरकायचा प्रयत्न हीच एक मोठी चूक. त्यातला मुख्य रस्ता १९५९ ते १९६५ मध्ये बांधला, मा पी लेंगचा कडा माणसांनी दोरीला लटकून फोडलाय. तिथे वळणावर समोरून बस येते तेव्हा ती तिची बाजू सोडते, तुम्हाला कडेला जावं लागतं, आणि कडेला वाळू असते. चार दिवस ठेवा, अंधार पडायच्या आधी मुक्काम गाठा.

मॅप जे सांगेल ते

गुगल मॅपमध्ये तिथे मोटरसायकलचा वेगळा मोड आहे, तो लावायचा. कारचा मोड राहिला तर तो तुम्हाला एक्स्प्रेसवेवर चढवेल आणि तिथे बाईकला बंदी आहे. तसंच हुए ते दा नांग जाताना हाय वान बोगद्यातून बाईक चालवत जाता येत नाही. पण त्यामुळे झालंय असं की २००५ मध्ये बोगदा सुरू झाल्यावर ट्रक आणि बस बहुतेक खाली गेले आणि वरचा वीसेक किलोमीटरचा घाट आपल्यासारख्यांना मोकळा मिळाला. एका बाजूला समुद्र, वर ढग. मध्य भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मात्र धो धो पाऊस असतो, तेव्हा हा घाट धुक्यात असतो, तारखा बघून जा.

छोट्या गोष्टी ज्या अडवतात

पेट्रोलला तिथे जो शब्द आहे तो ऐकायला जवळजवळ आपल्या ‘सांग’ या शब्दासारखा लागतो, त्यामुळे विसरणार नाही. पैसे देताना नोटा नीट बघा, २० हजार आणि ५ लाख दोन्ही निळ्या, घाईत चूक झाली की पंपावर सोळाशे रुपये जास्त जातात. मी ५ लाखाच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवायचो.

पार्किंगवाला सीटवर खडूने नंबर लिहितो आणि तोच नंबर लिहिलेला कागद किंवा टोकन तुम्हाला देतो. ते हरवू नका, टोकन नसेल तर गाडी तुमचीच आहे हे पटवायला का वेट दाखवत अर्धा तास जातो. परत आल्यावर चावी आत जात नसेल तर घाबरू नका, चावीच्या भोकावरचं झाकण कोणीतरी बंद केलेलं असतं, चावीच्या मागच्या टोकाने फिरवलं की उघडतं, आपल्या ॲक्टिवासारखंच. स्टार्ट होत नसेल तर ब्रेक दाबलाय का आणि साइड स्टँड वर आहे का बघा. आणि गाडी ढकलून जागा बदलायची असेल तर इंजिन बंद करा, चालू इंजिनवर उजव्या हाताने धरून ओढताना ॲक्सिलरेटर फिरतो आणि गाडी भिंतीवर जाते. उतरताना डाव्या बाजूने उतरा, उजवीकडचा सायलेन्सर पोटरी भाजतो.

पंक्चर झालं तर फार शोधावं लागत नाही, रस्त्याकडेला उभा केलेला टायर आणि हवेचा कॉम्प्रेसर दिसला की तोच मेकॅनिक. सुआ से म्हणजे गाडी दुरुस्ती आणि रुआ से म्हणजे गाडी धुणे, पाटीवर एका अक्षराचा फरक आहे, मी पंक्चर गाडी ढकलत दोनदा वॉशिंग सेंटरवर गेलोय.

पावसाचा पोंचो तिथलाच विकत घ्या. त्याला पुढे हेडलाइटच्या जागी पारदर्शक खिडकी असते, म्हणजे हँडलवरून पोंचो टाकला तरी दिवा झाकला जात नाही, आणि जोडीने जाणार असाल तर दोन डोक्यांचाही मिळतो. मागचं टोक मात्र सीटखाली दाबून बसा, चाकात गेलं तर गाडी फेकते.

अपघात झालाच तर ११५ ला ॲम्ब्युलन्स, ११३ ला पोलीस. फोन हँडलला लावून सायगॉनमध्ये फिरू नका, तो चालत्या गाडीवरून ओढून नेतात. मॅप बघायचा असेल तर गाडी बाजूला थांबवून बघा.

गाडी परत देताना पेट्रोल घेतलं तेवढं भरा, दिवसाउजेडी जा, पहिल्या दिवशीचा व्हिडिओ उघडून हातात ठेवा, आणि डिपॉझिट मोजून घेतल्यावरच चावी द्या.