टर्नटेबलची घूंघूं: कडप्पा आणि सायकलची ट्यूब

टर्नटेबल (म्हणजे रेकॉर्ड प्लेअर) शोकेसवर, स्पीकर पण त्याच शोकेसवर, आणि आवाज जरा वाढवला की बासमध्ये घूंऽऽ सुरू. असं होत असेल तर टर्नटेबलखाली लावायचे, हादरे अडवणारे महागडे पाय मागवायच्या आधी एक टेस्ट करा. प्लॅटर (रेकॉर्ड फिरवणारी थाळी) बंद ठेवून रेकॉर्डवर सुई टेकवा, आवाज थोडा थोडा वाढवा (हळूच हं, वूफर, म्हणजे बास वाजवणारा मोठा स्पीकर, जाईल) आणि बोटाने शोकेसवर टकटक करा, ती स्पीकरमधून ऐकू आली म्हणजे गाण्यासोबत तुमचं फर्निचर पण वाजतंय.

पहिलं काम फुकटातलं, स्पीकर तिथून उतरवा. बराचसा त्रास तिथेच जातो.

मग फरशीवाल्याकडे जा. ओट्यात सिंक बसवताना कापून काढलेला कडप्प्याचा तुकडा त्याच्याकडे पडलेला असतो, ४५ बाय ३५ सेंमी आणि २ सेंमी जाड असेल तर साडेआठ किलोच्या आसपास भरतो. कडा घासून घ्या, हात कापतो. त्याच्याखाली लहान मुलांच्या १२ इंची सायकलची ट्यूब, वॉल्व्ह मागे, आणि दगडावर टर्नटेबल. हवा अगदी थोडी, म्हणजे दगड तरंगला पाहिजे आणि तरी ट्यूब बोटाने दबली पाहिजे. इथेच सगळे चुकतात, ट्यूब टम्म फुगवतात आणि मग म्हणतात काही फरक नाही. वर जड आणि खाली मऊ असेल तरच डोलणं संथ होतं, सेकंदाला ३-४ वेळा डोललं की झालं, कारण टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) यांचा स्वतःचा रेझोनन्स, म्हणजे आपोआप थरथरण्याचा वेग, साधारण ८ ते १२ हर्ट्झला (सेकंदाला ८ ते १२ वेळा) असतो आणि आपलं डोलणं त्याच्या जवळ गेलं तर दुखणं वाढतं. फोनमधल्या लेव्हलने बघा, एका बाजूला कललं तर टर्नटेबल थोडं सरकवा. हवा हळूहळू उतरते, अधूनमधून भरायची.

पण जुन्या वाड्यातली लाकडी जमीन असेल आणि चालताना सुई उडत असेल तर ट्यूबच्या नादी लागू नका, पावलांचा हादरा इतका संथ असतो की ट्यूबवर तो उलट जास्त डोलवतो. तिथे भिंतीत पक्का ब्रॅकेट ठोकून त्यावर फळी, बस.

स्पीकरखाली स्क्वॉशचे बॉल अर्धे कापून सपाट बाजू खाली, दोन बॉलमध्ये एका स्पीकरचं काम होतं. अँपखाली मात्र काही घालू नका, फोमने खालची भोकं बंद झाली तर तापेल उगाच.