शहर निवडताना: पगार, घरभाडे आणि पुढची नोकरी

अमेरिकेत सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या दोन ऑफर हातात असल्या की नजर आधी पगाराच्या आकड्यावर जाते. तुलना मात्र कर आणि घरभाडे वजा जाता हातात काय उरते, याची करावी. समजा, कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातील कंपनी वर्षाला १,५०,००० डॉलर देते आणि टेक्सास राज्यातल्या ऑस्टिनमधील १,२५,०००. तुम्हाला पसंत पडेल अशा घराचे भाडे पहिल्या ठिकाणी महिना ३,४०० डॉलर आहे, दुसऱ्या ठिकाणी १,९००. भाड्यातला फरक वर्षाला १८,००० डॉलरचा झाला. भाडे करानंतरच्या पैशांतून द्यावे लागते, आणि या पगारात एकट्या व्यक्तीच्या वरच्या कमाईवर फेडरल (केंद्र सरकारचा) २४ टक्के व कॅलिफोर्नियाचा ९.३ टक्के कर बसत असल्याने एवढे १८,००० हातात पडण्यासाठी सुमारे २७,००० डॉलर जादा पगार लागतो. म्हणजे जादाचे २५,००० भाड्यातच संपले. त्यात टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. (घर विकत घ्यायचे असेल, तर मात्र तिथला मालमत्ता कर चांगलाच जड आहे, हिशेब नव्याने मांडावा.)

तरीही एवढ्यावरून ऑस्टिन नक्की करू नये, कारण शहराची खरी परीक्षा पहिली नोकरी सुटते तेव्हा होते. एच-१बी व्हिसावर (कंपनीमार्फत मिळणाऱ्या कुशल कामाच्या व्हिसावर) असताना नोकरी गेली, तर जास्तीत जास्त ६० दिवसांत नवी कंपनी शोधून तिच्याकडून अर्ज दाखल व्हावा लागतो. म्हणून आपल्याच कौशल्याला, उदाहरणार्थ चिप डिझाइनला, रोज ये-जा करता येईल एवढ्या अंतरात किती कंपन्यांकडे जागा निघतात, हे नोकरीच्या जाहिरातींवरून काही आठवडे मोजून पाहावे. नोकरी सोडून प्रतिस्पर्धी कंपनीत जाण्यास मनाई करणारे करार कॅलिफोर्नियात कायद्याने सहसा निरर्थक ठरतात, ही तिथल्या महाग घरांची एक भरपाई समजावी.

कंपनीचे शेअर बहुधा चार वर्षांत हप्त्याहप्त्याने आणि अनेकदा पहिले वर्ष पूर्ण झाल्यावरच मिळू लागतात; त्यांच्या भरवशावर भाडे ठरवू नये.

माझ्या मते, कारकिर्दीच्या सुरुवातीला खोली वाटून घेऊन का होईना, कंपन्यांची दाटी असलेल्या शहरात राहावे. हाताशी अनुभव असेल आणि घरून काम करण्याची मुभा असेल, तर स्वस्त शहर परवडते; मात्र तिथे गेल्यावर पगार कमी होणार का, हे आधी कंपनीकडून लेखी घ्यावे.