पोटातला गोळा आणि पणजीची बस: आयबीएसमध्ये घाबरलेल्या मज्जासंस्थेला शांत कसं करायचं

फोंड्याहून पणजीला रोज कदंबाने (गोव्याच्या सरकारी बसने) जाणाऱ्या माणसाला आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे रिपोर्ट नॉर्मल येऊनही पोट दुखणं आणि जुलाब किंवा बद्धकोष्ठता) असेल तर त्याला रस्त्यावरचे सगळे टॉयलेट पाठ असतात, मला होते. फर्मागुढी, म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई, भोम, बाणस्तारी, जुने गोवे, लोक ह्या वाटेवर देवळांना हात जोडतात आणि मी संडास मोजायचे. जेमतेम ३० किलोमीटरचा रस्ता, पण घरातून निघण्याआधी चार वेळा आत जाऊन यायचं, 'सेफ साइड' म्हणून. ह्या सेफ साइडबद्दलच मला जास्त सांगायचंय, कारण काय खावं ते सगळेच सांगतात.

पण त्याआधी एक काम. आयबीएस आहे हे डॉक्टरनी सांगितलेलं असू दे, गुगलने नव्हे. शीतून रक्त जातंय, वजन आपोआप उतरतंय, ताप येतोय, हिमोग्लोबिन कमी आलंय, जुलाब रात्री झोपेतून उठवतायत, पन्नाशीच्या आसपास हे पहिल्यांदाच सुरू झालंय किंवा घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर होता, तर श्वासबीस नंतर बघू, आधी डॉक्टर. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जा नाहीतर तुमच्या नेहमीच्यांकडे. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी), सिलिॲकची (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याच्या आजाराची) रक्ततपासणी, आतड्याची सूज कळायला शीची कॅल्प्रोटेक्टिन टेस्ट, एवढ्यात बऱ्याच शंका बाजूला पडतात. माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि डॉक्टर म्हणाले, काही नाही, टेन्शन घेऊ नका, आणि त्या दिवशी मला सगळ्यात जास्त टेन्शन आलं.

कारण 'काही नाही' असं नसतं ना. आयबीएस ज्या रोम निकषांवरून ठरवतात त्यांच्या २०१६ च्या चौथ्या आवृत्तीपासून ह्याला आतडं आणि मेंदू यांच्यातल्या देवाणघेवाणीचा बिघाड असं म्हणतात. आतड्याच्या भिंतीत स्वतःच्या १० कोटींच्या वर मज्जापेशी आहेत. शिवाय व्हेगस नावाची जी नर्व्ह मेंदूपासून पोटापर्यंत उतरते तिच्यातले साधारण ८० टक्के धागे खालून वर बातम्या नेतात, म्हणजे मेंदू पोटाला हुकूम कमी सोडतो आणि त्याचं ऐकतो जास्त. आता आपल्याकडे गडबड अशी की गॅसचा जो फुगा दुसऱ्याच्या लक्षातही येणार नाही तो आपल्याला कळ म्हणून जाणवतो, मेंदू घाबरतो, घाबरला की मोठं आतडं आणखी जोरात हलतं, त्याची बातमी परत वर जाते आणि चक्र सुरू. बऱ्याच लोकांचं हे एखाद्या जोरदार पोटाच्या इन्फेक्शननंतर सुरू होतं, इन्फेक्शन जातं पण पोट ते विसरत नाही. मराठीला हे आधीपासून माहीत आहे म्हणा, भीती वाटली की गोळा पोटातच येतो, डोक्यात आला असं कोण म्हणत नाही.

तर पहिली गोष्ट श्वास. उताणं पडा नाहीतर खुर्चीत टेकून बसा, नाडी-बेल्ट सैल करा, एक हात छातीवर एक बेंबीवर. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, बेंबीवरचा हात वर आला पाहिजे आणि छातीवरचा जवळजवळ गप्प, मग सहा आकडे मोजत हळू सोडा, मिनिटाला सहाएक श्वास होतात. सोडायचा वेळ जास्त ठेवायचा कारण श्वास सोडताना हृदयाचा वेग उतरतो आणि शरीराला कळतं की धोका नाहीये. खूप खोल ओढायचा नाही, चक्कर येते आणि हवा गिळली तर पोट आणखी फुगतं. सकाळी दहा मिनिटं, रात्री दहा मिनिटं. आणि सगळे इथेच चुकतात, मीही चुकले, कळ आल्यावर पहिल्यांदा करून बघतात, काही होत नाही आणि मग सांगत फिरतात की हे सगळं थोतांड आहे. अरे पोहायला कोण वादळात शिकतं का. तीन-चार आठवडे पोट शांत असताना रोज करा, मगच अडचणीच्या वेळी तो हाताशी येतो. नुसत्या श्वासाने कंटाळा येत असेल तर शवासनात पायाच्या बोटांपासून एकेक भाग घट्ट आवळून सैल सोडत वर या. जबडा पण सैल सोडा, मी तर दिवसभर दात आवळूनच बसलेली असायचे.

आता बस. घरातून निघताना चार वेळा जाणं, दाराजवळचीच सीट धरणं, सकाळी काहीच न खाणं, पर्समध्ये जादा कपडे, मित्रमंडळी काब द रामाच्या किल्ल्यावर फिरायला चालली तर डोकं दुखतंय म्हणून घरी राहणं, ह्या सगळ्याने त्या वेळेपुरतं बरं वाटतं पण मेंदू त्यातून एकच शिकतो की बस खरोखर धोक्याची आहे, बघ किती तयारी करावी लागली. म्हणून ही तयारी हळूहळू काढून घ्यायची, एकदम नाही, एका वेळी एकच. मी आधी वहीत भीतीला शून्य ते दहा मार्क दिले. फोंडा ते मंगेशी तीन, बाणस्तारीपर्यंत पाच, जुने गोवे सात, आणि सकाळच्या गर्दीत थेट पणजी दहा. मग दुपारी, काही काम नसताना, बस पकडून मंगेशीला उतरायचं, देवळात थोडं बसायचं आणि परत. आठवड्यात दोन-तीन वेळा असं केलं की तिसऱ्या आठवड्यात मंगेशीचा एक मार्क झाला, मग पुढचा स्टॉप. त्याच वेळी घरातून चारऐवजी तीनदा, मग दोनदा. बसमध्ये कळ आली तर ती बऱ्याचदा लाटेसारखी असते, चढते आणि थोड्या वेळाने उतरते, तोवर खांदे सैल, लांब उच्छ्वास, आणि डोळे बाहेरच्या एखाद्या गोष्टीवर, मी दुकानांच्या पाट्या वाचते. कंडक्टर मागून 'फुडें वचात, फुडें' (पुढे चला) ओरडत असतोच, त्याचाही उपयोग होतो, लक्ष जातं. नाहीच थांबलं तर उतरायचं, ते नापास होणं नव्हे, फक्त दुसऱ्या दिवशी तोच प्रवास परत करायचा. आठ दिवस टाळलात की मार्क परत वर चढतात.

सकाळचं वेळापत्रक थोडं मागे ओढा. उठल्यावर आणि खाल्ल्यावर मोठं आतडं आपणहून हलतं, ती वेळ घाईत गेली तर तेच काम बसमध्ये सुरू होतं. निघण्याच्या दीड तास आधी उठा, चहा, थोडं काहीतरी खा, मग पायाखाली छोटं स्टूल घेऊन पाच-दहा मिनिटं बसा, मोबाईल बाहेर, कुंथायचं नाही. ज्यांना बद्धकोष्ठतेचा आयबीएस आहे त्यांना तर हे जास्तच लागू.

खाण्याचं थोडक्यात. मेलबर्नच्या मोनाश युनिव्हर्सिटीचं लो फॉडमॅप डाएट (आतड्यात आंबून गॅस करणाऱ्या काही साखरा कमी करायचं) खरंच काम करतं पण ते दोन ते सहा आठवड्यांपुरतं असतं, नंतर एकेक पदार्थ परत आणायचा, शक्यतो डाएटिशियनला विचारून. आयुष्यभर कांदा-लसूण-गहू बंद करून बसलात तर ताटाचीच भीती बसते आणि ती परत पोटातच जाते. आपल्याकडे भात, पेज, बांगड्याची कढी सहसा त्रास देत नाही (तिखट बेताने), मूठ मूठ काजू मात्र त्रास देतात, चवथीचं खतखतं (मिसळीची भाजी) एक वाटी ठीक, तीन वाट्या नाही. उर्राकचं (काजूच्या दारूचं) ज्याचं त्याने बघावं. इसबगोल चमचाभर पाण्यातून, अर्ध्यापासून सुरुवात. झोप नीट नसली की दुसऱ्या दिवशी पोट हमखास चिडतं, आणि रोज अर्धा तास चालणं, मिरामारच्या किनाऱ्यावर असो की फोंड्यात घराभोवती, हे फुकट आहे तर करा.

हे सगळं दोन-तीन महिने करूनही फरक नसेल तर पुढचं विचारायला लाजू नका. सीबीटी म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्याची थेरपी असते, पोटासाठीची खास हिप्नोथेरपी असते. मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी १९८४ मध्ये तिचा पहिला नीट अभ्यास छापला, म्हणजे जादूटोणा नव्हे. डॉक्टर कमी डोसमध्ये ॲमिट्रिप्टिलिन देऊ शकतात, १० मिलिग्रॅमपासून, २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या मोठ्या ट्रायलमध्ये ३० पर्यंत देऊन फायदा दिसला. ही डिप्रेशनची गोळी ना म्हणून लोक चिठ्ठी फाडतात, पण इथे एवढा कमी डोस पोटातून वर जाणाऱ्या दुखण्याच्या बातम्या मंद करायला देतात. स्वतःहून सुरू करू नका, स्वतःहून बंदही करू नका.

राहिली घरची माणसं. आमच्या सासूबाई रोज सकाळी संडासाच्या दाराशी 'जालें गो साफ?' (झालं का गं साफ?) विचारायच्या, प्रेमानेच, पण त्या प्रश्नासरशी माझं पोट आवळायचं. शेवटी एकदा धीर करून म्हटलं, आई, पोटाचं नका विचारू, दुसरं काहीही विचारा. दोन दिवस रुसल्या. आता मी चपला घालताना आतून ओरडतात, येताना बांगडे ताजे दिसले तर आण, नाहीतर तारले आण, आणि मी एकदाच आत जाऊन साडेसातची बस पकडते.