उत्तरेकडचे 'रानटी' वाचताना पेन्सिल कुठे टेकवावी

युरोपच्या उत्तरेकडच्या लोकांबद्दलचं जुनं ग्रीक-रोमन भूगोलवर्णन हातात आलं की मी आधी बघते, लेखक स्वतः तिथे गेला होता का? ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो, आयर्लंडचे लोक मेलेल्या बापाला खातात. पुढे स्वतःच कबूल करतो की भरवशाचा साक्षीदार नाही. त्या कबुलीखाली लाल रेघ मारा.

मग 'मधला' कोण ते शोधा. खरी गंमत इथेच. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते थंड मुलखातले शूर पण बुद्धीने कमी, आशियातले हुशार पण भित्रे, आणि मधोमध अर्थातच ग्रीक. तीनेकशे वर्षांनी रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस तसाच हिशोब मांडतो: उत्तरेत रक्त जास्त, डोकं मंद. फक्त मध्यावर इटली बसवतो आणि रोमचं जगावरचं राज्य ही दैवी योजना ठरवून टाकतो.

कौतुकालाही भुलू नका. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. 98 मध्ये 'जर्मानिया' या पुस्तकात जर्मनांची लग्ननिष्ठा वाखाणली, त्यात रोमकरांना टोमणा होता. त्याच पुस्तकात हेच जर्मन आळशी, दारुडे, फाशांवर स्वतःलाच पणाला लावणारे. (मला युधिष्ठिर आठवला!)

शेजारी उत्खननाचा अहवाल उघडा ठेवा, म्हणजे हे लोक खरे कसे राहत ते ताडून बघता येईल. जर्मनीत उत्तर समुद्राकाठी फेडरसन व्हीर्डेला त्याच काळातली लांब घरं सापडलीत: एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गोठा.