मिक्समध्ये आवाज फाटतोय? या चुका टाळा

नवशिक्यांचे मिक्स ऐकायला येतात, त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं एकच: आवाज फाटलेला. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे) लिमिटर (पातळी ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारं प्लगइन) लावलाय की!’ फाटलेला आवाज लिमिटर शिवून देत नाही. तो कुठे फाटला ते आधी शोधा.

सॉफ्टवेअर मिक्स करतं म्हणजे शुद्ध बेरीज करतं. हुबेहूब सारखे दोन ट्रॅक एकत्र वाजले की पातळी 6 डीबीने चढते. म्हणून एकेकटा ट्रॅक व्यवस्थित असूनही मास्टरचा मीटर लाल होतो, म्हणजे शून्य डीबी ही डिजिटल कमाल मर्यादा ओलांडतो. पण आजची बहुतेक सॉफ्टवेअर ही बेरीज 32 किंवा 64 बिट फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांत) करतात. तिथे शून्याच्या वर गेलेला आवाजही शाबूत असतो. मास्टर फेडर (पातळी कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली घ्या, सगळं जागेवर येतं. 16 किंवा 24 बिटच्या साध्या वेव्ह फाइलमध्ये ही सोय नाही. 16 बिटमध्ये 32767 च्या पुढे आकडाच नाही, वरचं सगळं छाटलं जातं.

एका भजनी मंडळाचं काम माझ्याकडे आलं होतं. मीटर उणे सहा डीबीवर, लाल दिवा कुठेच नाही, तरी पखवाज कानाला टोचत होता. वेव्हफॉर्म मोठा करून पाहिला तर प्रत्येक थापेचा माथा सपाट कापलेला. आधी शून्याच्या वर जाणारा ट्रॅक 24 बिटमध्ये एक्स्पोर्ट केलेला, मग लाल दिवा नको म्हणून नव्या प्रोजेक्टमध्ये फेडर खाली ओढून पुन्हा एक्स्पोर्ट. मूळ प्रोजेक्ट ‘जागा वाचवायला’ उडवून टाकलेला! डीक्लिप प्लगइन गेलेल्या आवाजाचा फक्त अंदाज बांधतं. ‘धा’ची घुमार परत आली नाही. शेवटी बुवांना पुन्हा बोलावून पखवाज नव्याने वाजवून घ्यावा लागला. तेव्हापासून माझ्याकडे काम पाठवणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो: स्टेम्स (वाद्यांच्या, गायनाच्या वेगवेगळ्या फाइली) 32 बिट फ्लोटमध्येच द्या आणि गाणं प्रसिद्ध होईपर्यंत प्रोजेक्टला हात लावू नका.

दुसरी चूक रेकॉर्डिंगच्या वेळची. ‘लेव्हल भरपूर घे’ हा सल्ला टेपच्या काळातला. 24 बिटमध्ये खाली भरपूर जागा असते. इंटरफेसच्या कन्व्हर्टरवर (माइकचा सिग्नल आकड्यांत बदलतो तिथे) आवाज फाटला तर पुढे फाइल 32 बिट फ्लोट असूनही उपयोग नाही. मी गायकाला आधी तार सप्तकातली सर्वांत जोरकस ओळ म्हणायला लावतो आणि गेन (आत येणाऱ्या आवाजाची वाढ) असा ठेवतो की मीटर उणे बारा डीबीच्या आसपास राहील. घाईत ‘हॅलो, चेक’वर गेन लावणाऱ्यांचा पहिलाच अंतरा फाटतो.

अ‍ॅनालॉग छापाच्या प्लगइनमध्ये जोरात आवाज ढकललात तर ते आतच विकृत करतं, फ्लोट असला तरी. फेडर साधारणपणे प्लगइनच्या नंतर येतो, त्यामुळे तो ओढून फायदा नाही. प्लगइनच्या आधी गेन कमी करा.

प्रत्येक ट्रॅक शून्यापर्यंत नॉर्मलाइझ करू नका, म्हणजे त्याचं सर्वांत उंच शिखर शून्याला टेकवू नका. मिळत काहीच नाही.

एमपीथ्री करताना शिखरं थोडी वर सरकतात. लिमिटरची मर्यादा ट्रू पीक (दोन नमुन्यांमधलं खरं शिखरही धरून) उणे एक डीबीवर ठेवा, आणि तयार झालेली एमपीथ्री स्वतः पूर्ण ऐकल्याशिवाय कुणालाही पाठवू नका.